कुणाचाही नसलेला खडक



बाप्तिस्म्यापूर्वीच्या पालकवर्गात येणारे प्रश्न सहसा ठरलेले असतात. मेणबत्ती आम्ही आणायची की चर्चमधून मिळते? धर्मपिता परदेशी बोटीवर असेल तर चालेल का? फोटो केव्हा काढायचे? गेल्या महिन्यात मात्र एका तरुण बापाने हात वर केला आणि वेगळेच विचारले. "फादर, बाळाला न विचारता त्याला कशाचंही सभासद करणं बरोबर आहे का? मोठं झाल्यावर त्याचं ते ठरवील." शेजारी बसलेल्या पत्नीने त्याच्याकडे चमकून पाहिले. मागच्या बाकावर बाळाची आजी होती. तिने कपाळाला हात लावला.

हा तरुण उद्धट नाही. वाचणारा आहे, आणि जे वाचतो त्यावर विचार करणारा आहे. वर्ग संपल्यावर चर्चच्या आवारात आम्ही बराच वेळ बोलत उभे होतो. समुद्रात नवा देश वसवू पाहणाऱ्या लोकांविषयी त्याच्या वाचनात आले होते आणि ती कल्पना त्याच्या मनात घर करून बसली होती. "तिथे जन्मानं कुणी नागरिक होत नाही, फादर. करारावर सही करील तो नागरिक. पटेनासं झालं तर आपलं तरंगतं घर दोर सोडून दुसरीकडे न्यायचं. आपल्यापेक्षा हे जास्त प्रामाणिक नाही का?" मी त्याला म्हणालो, "मला विचार करायला वेळ दे, मी पत्रकात लिहीन." आज ते लिहायला बसलो आहे.

हे वेड नवीन नाही. २००८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात या कामासाठी एक संस्था निघाली. तिच्या दोन संस्थापकांपैकी एक पॅट्री फ्रीडमन हे नोबेल पारितोषिक मिळवणारे अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचे नातू. पीटर थील या धनाढ्य उद्योजकाने तिला पैसा पुरवला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: जमीन सगळी कुठल्या ना कुठल्या सरकारने व्यापली आहे, मोकळा राहिला आहे तो फक्त समुद्र. तिथे तरंगती गावे बांधावीत. एका गावाचा कारभार आवडला नाही तर माणूस दुसऱ्या गावाला जाऊन चिकटेल, जसे आपण एका दुकानात माल वाईट मिळाला तर समोरच्या दुकानात जातो. सरकारांना गिऱ्हाइकासाठी धडपडावे लागेल आणि त्यामुळे ती सुधारतील.

परंतु या सगळ्याच्या कितीतरी आधी, १९७२ साली, हा प्रयोग प्रत्यक्षात करून पाहिला गेला होता. त्याची हकिगत मला जास्त महत्त्वाची वाटते.

प्रशांत महासागरात टोंगा नावाचे छोटे राज्य आहे. त्याच्या मुख्य बेटापासून नैर्ऋत्येला चारशेहून अधिक किलोमीटरवर भर समुद्रात प्रवाळाचे दोन खडक आहेत, उत्तर मिनर्व्हा आणि दक्षिण मिनर्व्हा. मिनर्व्हा नावाचे देवमाशांची शिकार करणारे जहाज १८२९ साली तिथे फुटले, त्यावरून हे नाव पडले. ओहोटीला खडकाचे कडे वर दिसते, भरतीला ते पाण्याखाली जाते. झाड नाही, गोडे पाणी नाही. मायकेल ऑलिव्हर नावाच्या अमेरिकेतील व्यावसायिकाची नजर या खडकांवर गेली. त्याने १९६८ साली 'नव्या देशासाठी नवी घटना' अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले होते. सरकारने फक्त बळजबरी आणि फसवणूक यांपासून माणसाचे संरक्षण करावे, बाकी कशातही हात घालू नये, असा त्याचा आग्रह. कर नाही, सरकारी मदत नाही, अनुदान नाही. त्याच्या मंडळींनी ऑस्ट्रेलियाहून बार्ज भरभरून वाळू आणली, खडकावर टाकली, भरतीच्या पाण्यावर थोडी जमीन उभी केली, एक लहानसा मनोरा बांधून झेंडा लावला. १९ जानेवारी १९७२ रोजी 'मिनर्व्हा प्रजासत्ताक' जाहीर झाले. शेजारच्या देशांना पत्रे गेली. फेब्रुवारीत हंगामी अध्यक्षही निवडला गेला. पुढे तीस हजार लोक इथे राहतील असा त्यांचा हिशेब होता.

ते टिकले काही महिने. शेजारची राष्ट्रे एकत्र बसली आणि त्यांनी टोंगाचा हक्क मानला. जून १९७२ मध्ये टोंगाचे राजे चौथे तौफाआहाऊ तुपोऊ यांनी जाहीरनामा काढला की हे खडक आमच्या लोकांची फार पूर्वीपासूनची मासेमारीची जागा आहे. राजे स्वतः बोटीने तिथे गेले, सोबत शिपाई होते. प्रजासत्ताकाचा झेंडा उतरला, टोंगाचा चढला. मागे राहिली ती त्या देशाच्या नावाने पाडलेली पस्तीस डॉलरची नाणी. ती आजही हौशी संग्राहकांकडे असतात.

ही गोष्ट ऐकून हसू येते. पण हसण्यापूर्वी आणखी एक गोष्ट ठाऊक असायला हवी. मायकेल ऑलिव्हर हा लिथुआनियात जन्मलेला ज्यू. नाझी छळछावण्यांतून वाचलेला. युद्धानंतर तो अमेरिकेत आला. ज्याने पोरवयात सरकार नावाच्या गोष्टीचे ते रूप पाहिले, त्याला पुढे आयुष्यभर कुठल्याच सरकारचा भरवसा वाटला नाही, तर त्याला मूर्ख म्हणायला माझी जीभ वळत नाही. सत्तेला वेसण नसली की काय होते ते त्याने पुस्तकात वाचले नव्हते. आणि ख्रिस्तसभेनेही या बाबतीत त्याच्या विरुद्ध बाजू घेतलेली नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे की कुटुंब हे राज्यापेक्षा जुने आहे आणि राज्याने माणसाला किंवा कुटुंबाला गिळून टाकता कामा नये. पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली तोच धागा पुढे नेला: जे काम घर, गाव, छोटी संस्था नीट करू शकते ते वरच्या सत्तेने हिसकावून घेणे हा अन्याय आहे. म्हणजे सरकार जितके मोठे तितके बरे, अशी आपली शिकवण कधीच नव्हती.

मग आमच्या तरुण मित्राच्या प्रश्नाला उत्तर काय? ज्या बंधनाला मी संमती दिली नाही ते मला बांधू शकते का?

तत्त्वज्ञान शिकत असताना या प्रश्नाशी आमची बरीच झटापट झाली होती. इंग्लंडमधील जॉन लॉक म्हणत, तू एखाद्या देशात राहतोस, तिथल्या रस्त्यावरून चालतोस, म्हणजे तू मुकाट्याने संमती दिलीस. यावर डेव्हिड ह्यूम यांनी १७४८ साली एका निबंधात टोला हाणला. एखाद्याला झोपेत उचलून जहाजावर नेऊन ठेवले आणि मग म्हटले की तू जहाजावर आहेस त्या अर्थी कप्तानाची सत्ता तुला मान्य आहे, नसेल तर खुशाल समुद्रात उडी मार, तर ती संमती झाली का? ह्यूम हे काही आपल्या धर्माचे स्नेही नव्हेत, पण इथे त्यांचे बरोबर आहे. गरीब माणूस देश सोडून कुठे जाणार? भाषा एकच येते, खिशात पैसे नाहीत.

समुद्रात गावे वसवणाऱ्यांची बाजू खरी जोरात दिसते ती इथे. ते ह्यूमना म्हणतात, ठीक आहे, मग आम्ही प्रत्येकाला स्वतःची होडीच देतो. बाहेर पडणे म्हणजे बुडणे असे उरणारच नाही. मला वाटते हे उत्तर हुशारीचे आहे आणि आपल्या तरुणाला ते भावले यात नवल नाही.

पण त्या होडीत एखादे मूल जन्माला आले तर?

पहिल्या पिढीने सही केली, मान्य. दुसरी पिढी त्या तरंगत्या गावात आईच्या पोटी येईल. तिला कुणी विचारलेले नसेल. तिची भाषा, तिचे अन्न, तिला टोचायची लस, ती कुणाच्या होडीत वाढणार, सगळे दुसऱ्यांनी ठरवलेले असेल. संमतीवर उभारलेला देश फार तर वीस वर्षे निव्वळ संमतीचा राहतो, त्यानंतर तो आपल्यासारखाच होतो. आणि दुसरे टोक बघा. होडीचा दोर सोडायला हातात बळ लागते. अर्धांगवायूने पडलेला माणूस, विसरभोळेपणाने स्वतःचे नावही न आठवणारी म्हातारी, यांनी कुठे जायचे? अशी एकही योजना मी वाचली नाही की जिच्या चित्रात कुणी आजारी म्हातारे माणूस बसलेले आहे. चित्रांत सगळे चाळिशीच्या आतले, सडपातळ आणि गच्चीवर उभे असतात.

आता कुणी म्हणेल, फादर, तुम्हांला हे सोपे आहे. जन्माने मिळालेली बंधने तुम्हांला गोड वाटतात. आपल्या देशात हे म्हणताना जपायला हवे, ही गोष्ट मी विसरलेलो नाही. जातही कुणी सही करून घेतलेली नसते. वेठबिगाराच्या पोराने बापाच्या कर्जावर सही केलेली नसते. 'हे तुझ्या जन्माबरोबर आले आहे, गप्प सोस' असे सांगून या भूमीवर माणसांचे जे हाल झाले, त्यांतून सुटण्यासाठी कितीतरी जणांनी घरदार, गाव आणि धर्मही सोडला. त्यांच्यापुढे उभे राहून मी 'न मागता मिळालेले बंधन पवित्र असते' असे म्हणू शकत नाही. ते खोटे ठरेल.

इथे मला संत थॉमस अक्वायनस यांची आठवण होते. त्यांनी आपल्या 'सुम्मा'च्या पहिल्या भागात, शहाण्णवाव्या प्रश्नात, एक विचित्र वाटणारी शंका घेतली आहे. आदाम-एवेने पाप केलेच नसते, सगळी माणसे निष्पाप राहिली असती, तरीही कुणी कुणावर अधिकार चालवला असता का? संत ऑगस्टीन यांचे मत असे दिसते की नाही. देवाने माणसाला जनावरांवर अधिकार दिला, माणसांवर नाही, आणि पहिले नीतिमान लोक राजे नव्हते, मेंढपाळ होते. पुष्कळांना हेच पटते. सरकार म्हणजे पापाची शिक्षा. चांगली माणसे जमवा, सरकार लागणारच नाही. समुद्रातल्या देशांमागे नकळत हाच विचार आहे.

थॉमस मात्र म्हणतात, थांबा, अधिकार हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एक मालकाचा गुलामावरचा. मालक गुलामाला वापरतो तो स्वतःच्या फायद्यासाठी. असा अधिकार एदेन बागेत नसता. दुसरा अधिकार स्वतंत्र माणसांवरचा, ज्यात वळण लावले जाते ते त्या माणसाच्याच भल्यासाठी किंवा सर्वांच्या भल्यासाठी. तो मात्र पाप नसतानाही असता. का? कारण माणूस एकमेकांसोबत राहण्यासाठीच घडलेला आहे. दहा चांगली माणसे एकत्र आली तरी दहा जणांची दहा मते असणार आणि सगळ्यांच्या हिताकडे बघणारा कुणीतरी लागणार. शिवाय एखाद्याला इतरांपेक्षा अधिक ज्ञान मिळाले असेल, तर ते इतरांच्या कामी न येता त्याच्यापाशीच पडून राहणे योग्य झाले नसते.

ही बारीक फोड सेमिनरीत शिकताना मला केवळ परीक्षेपुरती वाटली होती. आज तिच्याकडे पाहतो तेव्हा वाटते की आमच्या तरुणाचा प्रश्न तिने बदलून टाकला आहे. 'मी सही केली होती का' हा पहिला प्रश्न नव्हेच. हे बंधन कुणाच्या भल्यासाठी आहे, हा पहिला प्रश्न. जात माणसाला बांधते ती दुसऱ्याच्या सोयीसाठी. म्हणून ती हजार वर्षांची झाली तरी अन्यायच. उलट आई तान्ह्याला बांधून घेते ते त्याच्यासाठी, आणि त्याच्याइतकीच ती स्वतःही बांधली जाते. रात्री दोन वाजता ते रडले की कळते कोण कुणाला बांधील आहे ते. दोन्हींत सही नाही. दोन्ही एक नाहीत. आणि सही असली म्हणजे सगळे ठीक असेही नाही. पोटाला चिमटा बसलेल्या माणसाकडून कसल्याही कागदावर सही करून घेता येते, हे आपल्या भागात जमिनी कशा गेल्या ते पाहिलेल्यांना मी सांगायला नको.

हीच मोजपट्टी सरकारला लावली तर? कित्येकदा ते नापास होते, यात शंका नाही. २०१९ साली थायलंडच्या फुकेतजवळच्या समुद्रात एक अमेरिकन गृहस्थ आणि त्याची थाई जोडीदार एका खांबावरच्या छोट्या घरात राहू लागले. आम्ही देशाच्या हद्दीबाहेर आहोत असे त्यांचे म्हणणे. थाई नौदलाने ते घर ओढून नेले, आणि ज्या कलमाखाली त्यांच्यावर आरोप ठेवायची भाषा झाली त्यात मृत्युदंडापर्यंतची शिक्षा आहे. दोघे आधीच निसटले होते. खांबावर बांधलेल्या एका खोलीसाठी एवढे! सत्तेला स्वतःचा तोरा सांभाळायचा असतो तेव्हा ती अशी वागते. टोंगाच्या राजांचेही मी कौतुक करणार नाही. त्या काळी तिथे सामान्य माणसाच्या हाती फारशी सत्ता नव्हती.

पण सरकार नको म्हणणाऱ्यांची स्वतःची गतही पाहा. १९६७ साली इंग्लंडच्या किनाऱ्याबाहेर युद्धकाळातल्या एका समुद्री चौथऱ्यावर रॉय बेट्स यांनी 'सीलँड' हा देश स्थापला. १९७८ साली तिथे बंड झाले, बेट्स यांच्या मुलाला ओलीस धरले गेले. बेट्स यांनी चौथरा परत जिंकला आणि मग एका जर्मन माणसाला देशद्रोही ठरवून कैदेत ठेवले. त्याला सोडवायला पश्चिम जर्मनीचा राजनैतिक अधिकारी यावा लागला. मूठभर माणसे, आणि त्यांत राजा, बंडखोर, देशद्रोही आणि तुरुंग सगळे आले! २०२० साली अशाच विचारांच्या काही मंडळींनी 'पॅसिफिक डॉन' हे प्रवासी जहाज विकत घेतले, त्याचे नाव 'सतोशी' ठेवले आणि ते पनामाजवळ उभे करून स्वतंत्र वस्ती करायचे ठरवले. जहाज निघाले खरे, पण विमा कुणी उतरवीना. पनामाचा झेंडा हवा तर पनामाचे नियम आले. सांडपाणी कुठे सोडायचे, हाही प्रश्न निघाला. तेव्हा वस्ती होण्यापूर्वीच ते विकावे लागले. आपल्या धर्मग्रामातले जे बोटींवर काम करतात त्यांना यात काहीच आश्चर्य वाटणार नाही. बिनझेंड्याचे जहाज कुठल्या बंदरात जाणार?

ऑलिव्हरच्या पुढच्या प्रवासाला मात्र हसता येत नाही. मिनर्व्हा गेल्यावर त्याचे लक्ष न्यू हेब्रिडीज बेटांकडे वळले. १९८० साली ही बेटे 'वानुआतू' नावाने स्वतंत्र होत होती. त्यांचे पहिले पंतप्रधान वॉल्टर लिनी हे अँग्लिकन धर्मगुरू. तिथल्या एस्पिरितु सान्तो बेटावर जिमी स्टीव्हन्स या पुढाऱ्याने फुटून निघण्याचे बंड केले आणि त्याला ऑलिव्हरच्या संस्थेचा पाठिंबा होता. पापुआ न्यू गिनीचे सैन्य आले, बंड मोडले. त्यात स्टीव्हन्सचा मुलगा मारला गेला, आणि बाप तुरुंगात गेला. दुसऱ्यांच्या बेटावर, दुसऱ्यांच्या मुलांच्या जिवावर स्वातंत्र्याचा प्रयोग! छळछावणीतून वाचलेल्या माणसाच्या हातून हे घडावे याचे मला फार वाईट वाटते.

आता मिनर्व्हाच्या खडकाकडे परत येतो. ऑलिव्हरला तो कुणाचाही नसलेला वाटला. पण त्याची वाळू येण्याच्या दहा वर्षे आधी तिथे माणसे राहून गेली होती.

जुलै १९६२ मध्ये 'तुआइकाएपाऊ' नावाची शिडाची बोट टोंगाहून न्यूझीलंडला निघाली. बोटीवर सतरा माणसे. काही खलाशी, बाकीचे प्रवासी, त्यांत मुष्टियुद्ध खेळायला निघालेले काही तरुण. रात्रीच्या अंधारात बोट दक्षिण मिनर्व्हावर आदळून फुटली. सकाळी पाहतात तर चारी बाजूंना पाणी, आणि खडकावर पूर्वी फुटलेल्या एका जपानी मासेमारी बोटीचा सांगाडा. त्या सांगाड्यात हे लोक तीन महिन्यांहून अधिक काळ राहिले. मासे, शिंपले खायचे. मोडक्या सामानातून त्यांनी समुद्राचे पाणी उकळून गोडे करण्याचे साधन बनवले. दिवसभरात मिळेल ते घोट घोट वाटून घ्यायचे. रोज एकत्र प्रार्थना करायची. कप्तान होते तेविता फिफिता. त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नव्हते. काही जण तिथेच मरण पावले.

शेवटी त्यांनी फुटक्या फळ्यांतून, धड हत्यारे नसताना, एक छोटी होडी बांधली. कप्तान, त्यांचा मुलगा सातेकी आणि सुतार असे तिघे तिच्यातून फिजीकडे निघाले. फिजीच्या कडाव्हू बेटाजवळ प्रवाळाच्या कड्यावर होडी उलटली. पोहत किनारा गाठताना सातेकी बापाच्या डोळ्यांदेखत बुडाला. कप्तान किनाऱ्याला लागले. त्यांनी निरोप पोहोचवला की खडकावर अजून माणसे आहेत. न्यूझीलंडच्या हवाई दलाचे समुद्रावर उतरणारे विमान जाऊन त्यांना घेऊन आले.

मी ही गोष्ट आमच्या तरुणाला सांगितली तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण फादर, कप्तान तर पगारी होता. बोटीचं काम त्यानं स्वतः पत्करलं होतं. म्हणजे करार होताच की."

"बरोबर," मी म्हणालो. "बोट फुटली तेव्हा करार संपला, असं तो म्हणू शकला असता का?"

"म्हणू शकला असता."

"आणि सातेकीचा करार?"

यावर त्याने उत्तर दिले नाही, आणि मीही ताणून धरले नाही.

एक गोष्ट त्या दिवशी सांगायची राहिली, ती इथे लिहितो. कैसराच्या नाण्याची गोष्ट आपल्याला पाठ असते. पण कराविषयीची दुसरी एक गोष्ट मत्तयच्या शुभवर्तमानात, सतराव्या अध्यायात आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. मंदिराचा कर गोळा करणारे पेत्राला विचारतात, तुमचे गुरुजी कर देत नाहीत काय? घरी आल्यावर येशू पेत्राला उलट विचारतो, राजे कर कुणाकडून घेतात, आपल्या मुलांकडून की परक्यांकडून? परक्यांकडून, पेत्र म्हणतो. मग मुले मोकळी आहेत, असे येशू सांगतो. इथपर्यंत ऑलिव्हरलाही आनंद झाला असता. पण प्रभू तिथे थांबत नाही. या लोकांना आपल्यामुळे अडखळण नको म्हणून तो पेत्राला समुद्रावर जाऊन गळ टाकायला सांगतो. पहिल्या माशाच्या तोंडात नाणे सापडेल, ते दोघांचे म्हणून भर. माझे आणि तुझे. जो मोकळा आहे तोच भरतो, आणि स्वतःपुरते भरून थांबत नाही, शेजारच्याचेही भरतो. पेत्र कोळी होता. त्याला ते नाणे हातात घेताना काय वाटले असेल, असे मला नेहमी वाटते. लिहिणाऱ्या मत्तयला तर या गोष्टीची गंमत अधिकच कळली असणार, कारण तो स्वतः जकातदार!

बाप्तिस्म्याविषयीही त्याला सरळ उत्तर द्यायला हवे, कारण प्रश्न तिथून सुरू झाला होता. होय, बाळाला आपण विचारत नाही. बाळाच्या वतीने विश्वास कबूल करतात ते आईवडील आणि धर्ममातापिता. त्या विधीत शब्द देतो तो मोठ्यांनी, बाळाने काहीच दिलेले नसते. पुढे दृढीकरणाच्या वेळी ते स्वतःच्या तोंडाने बोलेल, आणि त्या वेळी त्याने 'नाही' म्हटले तर आपण त्याला ओढत आणू शकत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्यावर काढलेल्या घोषणापत्रात हे नि:संदिग्ध मांडले आहे: श्रद्धा जबरदस्तीने लादता येत नाही. ख्रिस्तसभेने इतिहासात हे नेहमीच पाळले असे मी म्हणणार नाही. थॉमस यांची ती मोजपट्टी आमच्यावरही आहे. धर्मगुरू म्हणून मी भाविकांना वळण लावतो ते त्यांच्या भल्यासाठी की माझ्या सोयीसाठी, हे मला रोज रात्री तपासावे लागते, आणि प्रत्येक रात्रीचे उत्तर मला आवडतेच असे नाही.

तो तरुण गेल्या रविवारी मिस्सेला आला होता. बाळ आजीच्या खांद्यावर झोपले होते. मिस्सेनंतर मी बाप्तिस्म्याच्या तारखेविषयी काही विचारले नाही, त्यानेही काढले नाही. जाता जाता एवढेच म्हणाला, "फादर, ती टोंगाची गोष्ट परत एकदा सांगा. त्या होडीचं नाव काय होतं?" त्या होडीचे नाव 'मालोलेलेई'. टोंगातली माणसे रोज भेटल्यावर एकमेकांना हाच शब्द म्हणतात. आजीने झबले केव्हाच शिवून ठेवले आहे.